जुन्या लॅब मशीनवर इनिटआरडी हवीच कशाला?

आयर्विनपूल
सांगली-मिरजेतल्या एखाद्या शाळेची लॅब घ्या. पंधरा मशीनं, सगळी एकाच खरेदीतली: तोच मदरबोर्ड, तीच साटा डिस्क, एकच ईएक्सटी४ पार्टिशन, वर डेबियन लिनक्स. अशा मशीनला सुरू होताना प्रत्येक वेळी इनिशियल रॅम डिस्क, म्हणजे इनिटआरडी ही दाबलेली फाइल, मेमरीत उलगडायला लावणं म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढणं.

इनिटआरडी लागते कारण वितरणाचा (इथे डेबियनचा) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कोणत्याही मशीनवर चालायला हवा. म्हणून डिस्क कंट्रोलरचे आणि फाइलसिस्टिमचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवतात. पण ती मॉड्यूल डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तीच हवीत. किल्ली तिजोरीतच राहिली! इनिटआरडी ही बाहेर ठेवलेली जादा किल्ली.

हार्डवेअर ठरलेलं असेल तर किल्ली कर्नलातच ओता. एएचसीआय (साटा कंट्रोलर), एससीएसआय डिस्क आणि ईएक्सटी४ हे तिन्ही कर्नल बांधतानाच्या सेटिंगमध्ये ‘एम’ (बाहेरचं मॉड्यूल) ऐवजी ‘वाय’ (कर्नलातच) करा. डेव्हटीएमपीएफएस (डिव्हाइसच्या फाइलींचा डेव्ह फोल्डर) आपोआप माउंट करण्याचा पर्यायही ‘वाय’. सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत रूट=यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) चालणार नाही, कारण फाइलसिस्टिमचा यूयूआयडी शोधणं हे इनिटआरडीतल्या साधनांचं काम आहे. तिथे पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा क्रमांक) द्या, तो कर्नलला स्वतःला कळतो. एवढं केलंत की सुरू होताना वाया जाणारं अर्धं मिनिट वाचलं.

मिरजजंक्शन
आयर्विनराव, ते अर्धं मिनिट इनिटआरडीच्या खात्यावर टाकू नका. ४०-८० एमबीची फाइल जुन्या हार्डडिस्कवरूनही एक-दोन सेकंदांत वाचून होते. उलगडायला वेळ लागतो तो दाबण्याच्या पद्धतीमुळे. एक्सझेड असेल तर दुबळ्या प्रोसेसरवर जाणवतं, झेडस्टँडर्ड किंवा एलझेड४ असेल तर नाही. कर्नल ५.९ पासून झेडस्टँडर्डची इमेज चालते, इनिटरॅमएफएसच्या (इनिटआरडीचं आताचं रूप) कॉन्फ फाइलमध्ये कॉम्प्रेसची एक ओळ बदलायची.

नेमकं तीसएक सेकंद थांबत असेल तर कर्नलच्या ओळीतून ‘क्वाएट’ (संदेश लपवणारा शब्द) काढा आणि काय छापून येतं ते वाचा. बहुधा सस्पेंड-रिझ्यूमच्या डिव्हाइसची (मशीन झोपवताना मेमरी साठवायची स्वॅप जागा) वाट पाहून थकल्याचा संदेश असेल. एका मशीनची प्रत पंधरा डिस्कवर उतरवली, मग कुणीतरी स्वॅप पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलं, की स्वॅपचा यूयूआयडी बदलतो. इनिटआरडीच्या पोटात मात्र जुनाच नोंदलेला. ती बिचारी नसलेल्या पाहुण्याची वाट बघत दारात उभी. इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरमधल्या रिझ्यूम फाइलमध्ये ‘रिझ्यूम=नन’ लिहा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस (इमेज नव्याने बांधणारी कमांड) चालवा. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी कर्नल बांधायला बसू नका.

भडंग_जादा_तिखट
एक खुसपट. इनिटरॅमएफएस काढून टाकता येतच नाही. २.६ पासून प्रत्येक कर्नलच्या पोटात एक सीपीआयओ आर्काइव्ह (फाइलींचं गाठोडं) असतोच, तुम्ही काही दिलं नाही तर रिकामा. कर्नलच्या कागदपत्रांत एक्स८६वर त्याचा आकार १३४ बाइट दिलाय. आणि आपण सगळे जिला इनिटआरडी म्हणतोय ती खरी इनिटआरडी नव्हेच. जुनी १९९६ची पद्धत म्हणजे मेमरीत बनवलेली डिस्क, तिच्यावर फाइलसिस्टिम, ती वाचायला ड्रायव्हर. आताचा प्रकार म्हणजे नुसत्या फाइली थेट रॅममध्ये सोडायच्या आणि त्यातली ‘इनिट’ चालवायची. फाइलीचं नाव तेवढं जुनं राहिलं. बाकी चालू द्या.

आयर्विनपूल
भडंगभाऊ, १३४ बाइट मान्य, तेवढे ठेवतो.

मिरजकर, रिझ्यूमचा मुद्दा बिनतोड आहे, अर्ध्या मिनिटाचा दावा मागे घेतो. पण मग मधला मार्ग का नको? इनिटरॅमएफएसच्या कॉन्फमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ (जवळपास सगळे ड्रायव्हर) आहे ते ‘डेप’ करा. ज्या मशीनवर बांधतोय त्याला लागणारेच ड्रायव्हर आत जातात, इमेज निम्म्याहून लहान होते. बूट पार्टिशन वेगळं आणि चिमुकलं ठेवलेल्या मशीनवर दोन-तीन कर्नल साठले की ‘नो स्पेस लेफ्ट’ येतं आणि अपडेट अर्ध्यावर अडकतं. डेपने तो ताप जातो.

हळदपेठ
डेप? जुन्या मशीनवर? राव, तिथेच तर घात होतो.

जुन्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपतो. दिवाळीच्या सुट्टीत लॅबचा मेन स्विच बंद राहिला की बायॉस मूळ सेटिंगवर जातो, आणि काही बोर्डांची मूळ सेटिंग साटासाठी एएचसीआय नसून आयडीई असते. डेपने बांधलेल्या इमेजमध्ये एएचसीआय आहे, एटीए-पिक्स (आयडीईचा ड्रायव्हर) नाही. परिणाम: काळी स्क्रीन, रूटचा यूयूआयडी सापडत नसल्याचा इशारा आणि खाली बिझीबॉक्स या छोट्या शेलचा कंसातला ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट. शिक्षक म्हणतात हार्डडिस्क गेली, दुकानदार नवी विकतो, जुनी ठणठणीत असते.

त्या प्रॉम्प्टवर आधी डेव्ह फोल्डरची यादी बघा. एसडीए (पहिली डिस्क) दिसतच नसेल तर एक तर ड्रायव्हर इमेजमध्ये नाही किंवा केबल सैल आहे. एसडीए दिसतंय पण ब्लॉकआयडी कमांडने दाखवलेला यूयूआयडी आणि प्रॉक-सीएमडीलाइनमधला (कर्नलला मिळालेल्या ओळीतला) यूयूआयडी जुळत नसेल, तर चूक ग्रब या बूटलोडरच्या ओळीत आहे. दोन्ही ठीक असून फाइलसिस्टिम बिघडल्याची तक्रार असेल तर त्या पार्टिशनवर एफएससीके -वाय (तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा, मग एक्झिट. सेल गेलेल्या मशीनवर तारीखही मागे गेलेली असते, म्हणून एफएससीके ‘शेवटचं माउंट भविष्यात झालंय’ असं कुरकुरतं. घड्याळ लावा, सेल बदला, बायॉसमध्ये एएचसीआय परत करा. प्रॉम्प्ट गायब.

आणि कृष्णाकाठच्या माणसाला आणखी एक सांगायला नको. २०१९चा पूर आठवा. पाणी चढायला लागलं की कॅबिनेट उचलत बसण्यापेक्षा डिस्क काढून वरच्या मजल्यावर नेणं सोपं. नंतर ती डिस्क कुठल्या बोर्डाला लागेल ते कुणी सांगावं! मोस्टची इमेज असेल तर ती जवळपास कुठेही उठेल. डेपची रुसून बसेल.

आयर्विनपूल
मग हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की. एएचसीआयसोबत एटीए-पिक्स आणि एनव्हीएमईही ‘वाय’ करायचं. कर्नल थोडा फुगेल, पण बायॉस आयडीईवर गेला तरी त्याला फिकीर नाही, आणि पार्टयूयूआयडी डिस्कसोबत दुसऱ्या बोर्डावर जातो. डेप सोडला, कर्नल बांधायचं मात्र सोडत नाही. एलव्हीएम (डिस्कची जागा जोडून वाटणारी पद्धत) किंवा एनक्रिप्शन असेल तर प्रश्नच मिटला, तिथे इनिटआरडी लागतेच. साध्या पार्टिशनवर नाही.

मिरजजंक्शन
बांधा, पण पुढच्या सुरक्षा अपडेटला परत कोण बांधणार? लॅब सांभाळणाऱ्या सरांची बदली झाली की तो कर्नल तसाच तीन वर्षं पडून. वितरणाचा कर्नल निदान ॲप्ट या पॅकेज व्यवस्थापकाने आपोआप येतो.

शिवाय दोन खड्डे. वेळ वाचवायला लोक ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरतात. ते त्या क्षणी चालू असलेली मॉड्यूलच ठेवतं. पेनड्राइव्ह, प्रिंटर, वायफाय डोंगल तेव्हा लावलेले नसतील तर त्यांचे ड्रायव्हर उडाले, आणि ते परीक्षेच्या आदल्या दिवशी कळतं. दुसरं, उत्साहात रेडिऑन हा ग्राफिक्सचा ड्रायव्हरही ‘वाय’ कराल. त्याचं फर्मवेअर रूट डिस्कवर असतं आणि ड्रायव्हर जागा होतो रूट माउंट व्हायच्या आधी. स्क्रीन काळी. ते मॉड्यूलच राहू द्या, नाहीतर फर्मवेअर कर्नलात भरा. प्रोसेसरच्या मायक्रोकोडचंही (प्रोसेसरमधल्या दुरुस्त्या) तेच, एरवी तो इनिटआरडीच्या अगदी पुढच्या भागात बसून येतो.

आयर्विनपूल
रेडिऑनचं बरोबर. बदलीचं म्हणाल तर वितरणाचा कर्नल त्याच्या इनिटआरडीसकट ग्रबमध्ये दुसरा पर्याय म्हणून ठेवायचाच. काढा असं मी कुठे म्हटलं?

हळदपेठ
ठेवणार असाल तर तो बिघडल्यावर दुरुस्त करतानाची एक चूक टाळा. लाइव्ह यूएसबीवरून रूट पार्टिशन एमएनटीवर माउंट करायचं, बूट वेगळं असेल तर तेही त्याच्या आत, मग डेव्ह, प्रॉक, सिस बाइंड करून सीएचरूट (डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरणं) आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’. बूट माउंट करायला विसरलात तर कमांडला रूट पार्टिशनमधला रिकामा बूट फोल्डरच दिसतो, आणि खऱ्या बूट पार्टिशनपर्यंत नवी इमेज पोचतच नाही. ग्रब उचलतो ती जुनीच. आणि डेप सेट असताना हे दुसऱ्याच मशीनवर डिस्क लावून केलंत, तर तो सिसमध्ये बघून त्या दुसऱ्या मशीनचे ड्रायव्हर भरतो. आधी मोस्ट करा, मग कमांड द्या.