घरचा साबण, शाम्पू, डिओ: गोव्याच्या हवेत नेमकं काय टिकतं?

कुळागरातली_सून
नमस्कार सगळ्यांना. फोंड्याकडे आमचं कुळागर (पोफळी-केळींची बाग) आहे, बाथरूमचं पाणी पाटाने सरळ केळी-पोफळींना जातं आणि उरलंसुरलं खाली व्हाळाला (ओढ्याला) मिळतं. घरातल्या सगळ्यांचे शाम्पू, बॉडीवॉश, डिओ, सगळ्याचा फेस तिकडे जाताना बघून जीव तुटतो, शिवाय त्या रिकाम्या बाटल्या वेगळ्याच. म्हणून ठरवलंय जेवढं जमेल तेवढं घरी करायचं. खोबरेल घरचंच आहे, खोबरं सुकवून घाण्यावर काढून आणतो. पण व्हिडिओ बघावे तर सगळे थंड हवेतले, त्यांचं खोबरेल घट्ट असतं आणि आमच्याकडे ते जवळजवळ वर्षभर पातळच. तर मला विचारायचंय की कॉस्टिक सोडा न घालता साबण होतो का (घरात लहान मूल आहे म्हणून भीती वाटते), डिओ कशाचा करायचा, आणि मुलीचे केस लांब आहेत त्यांना काय, सासूबाई शिकेकाई म्हणतात पण ती पावसात हमखास बुरशी धरते. आणि हे सगळं झाडांना खरंच चालतं का?

साबणवाला_डिचोली
ताई, आधी साबणाचं बोलतो कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. बाजारात जो वितळवून साच्यात ओतायचा तयार बेस मिळतो त्यातही कंपनीने ते आधीच वापरलेलं असतं. तेल आणि कॉस्टिक यांची रिअॅक्शन होऊनच साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, आणि माप बरोबर असेल तर शेवटी वडीत कॉस्टिक उरत नाही. म्हणून माप वाटीने नको, ग्रॅमचा डिजिटल काटा हवाच.

एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, म्हणजे ५०० ग्रॅम तेलाला ९१.५ ग्रॅम. पण तेवढं पूर्ण घातलं तर नुसत्या खोबरेलाचा साबण अंग फार कोरडं करतो, म्हणून ७५ ग्रॅमच घालायचं, म्हणजे जवळपास १८ टक्के तेल साबण न होता तसंच राहतं आणि अंगाला मऊ लागतं. पाणी १७० ग्रॅम. कॉस्टिक पाण्यात हळूहळू घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियम अजिबात नको कारण त्यातून हायड्रोजन गॅस सुटतो. चष्मा, हातमोजे, खिडक्या उघड्या, आणि मूल त्या वेळी घरात नसलेलंच बरं. गटार साफ करायच्या पुड्या आणू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं, केमिकलवाल्याकडून शुद्ध कॉस्टिक घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा, आपल्या दमट हवेत ते पाणी ओढतं आणि मग वजनच चुकतं.

आणि पावसात करायला घेऊ नका. साबण चार ते सहा आठवडे हवेवर सुकावा लागतो, जूनमध्ये त्याच्यावर पाण्याचे थेंब धरतात. डिसेंबर-जानेवारीत एकदम वर्षभराचा करून ठेवा.

काकी_साखळी
बाय, शिकेकाईला बुरशी येते कारण ती नीट सुकत नाही. एप्रिल-मेच्या कडक उन्हात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) मिरची-सोलं सुकवतो ना, त्यातच शिकेकाई पण घाल. शेंग हातात कडकन मोडली पाहिजे. मी अर्धा किलो शिकेकाई, पाव किलो रिठे (आतली बी काढून, फक्त साल), शंभर ग्रॅम सुका आवळा, मूठभर मेथी आणि सावलीत सुकवलेली जास्वंदीची पानं घेते. दळून बारीक चाळायची, नाहीतर भुसा केसात अडकतो आणि मुली कंटाळतात. काचेच्या बरणीत भरायची आणि ओला चमचा बरणीत घालायचा नाही म्हणजे नाही. न्हायच्या आदल्या रात्री लागेल तेवढीच भिजवायची, सकाळी उकळून गाळून वापरायची, उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही. डोळ्यात गेलं तर खूप झोंबतं, मुलीला मान मागे करून घाल. साबणाच्या वडीने केस धुऊ नकोस गे, केस राठ होतात.

पेडण्याची_फार्मासिस्ट
डिओबद्दल मी लिहिते. नेटवर सगळीकडे खाण्याचा सोडा आणि खोबरेल सांगतात, कृपा करून सोडा काखेत लावू नका. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण ५ च्या आसपास असतो, सोड्याचा ८ च्या वर, त्यात आपल्याकडचा घाम आणि घर्षण, त्यामुळे काख लाल होऊन सोलते, काउंटरवर असे लोक येतात. त्यापेक्षा तुरटीचा खडा घ्या. अंघोळीनंतर ओल्या काखेत फिरवायचा आणि सुकू द्यायचं, वास करणारे बॅक्टेरिया कमी होतात, खडा कित्येक महिने पुरतो आणि बाटली नाही की काही नाही. फक्त नुकते केस काढलेल्या त्वचेवर नको. क्रीमसारखंच काही हवं असेल तर एक भाग मधमाशांचं मेण, एक भाग भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) आणि दोन भाग खोबरेल मंद वितळवून त्यात थोडं तवकील (आरारूट) घाला, भिरंडेल आणि मेण असल्यामुळे ते मे महिन्यातही घट्ट राहतं.

लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात जाऊ नका, डाग आणि फोड येतात. कोरफडीचा गर, गुलाबपाणी असं पाणी असलेलं काहीही घरी करून बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस फार तर. सनस्क्रीन घरी होत नाही, खोबरेल लावून समुद्रावर गेलं तर पुरेसं संरक्षण मिळत नाही. टूथपेस्टही विकतचीच ठेवा, घरच्या पावडरीत फ्लोराइड नसतं आणि मुलांच्या दातांना ते लागतं.

व्हाळकाठचा
झाडांचं कोणी सांगितलं नाही म्हणून. घरचा साबण मातीत कुजतो हे खरं पण त्यात सोडियम असतोच, रोज एकाच केळीच्या मुळाशी सोडलं तर माती खराब होते. पाट आठवड्याने बदला, आज केळी तर पुढे तेरं-अळू, आणि विहिरीपासून लांब ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नैसर्गिक म्हणून व्हाळात सोडायला काही हरकत नाही असं समजू नका. रिठ्यातलं सॅपोनिन (ज्याने फेस होतो ते द्रव्य) माशांच्या कल्ल्यांना विष आहे, साबणाचं पाणीही त्यांना सोसत नाही. उरलेलं पाणी व्हाळाला मिळतंय असं तुम्ही लिहिलंय, ते आधी थांबवा. वाळू-खडी भरलेला एक खड्डा करून त्यात जिरवा, भोवती कर्दळ लावा.

कुळागरातली_सून
व्हाळाचं वाचून धक्काच बसला, रिठा एवढा वाईट असेल असं वाटलंच नव्हतं, या रविवारी खड्ड्याचं काम काढतोच. काकी, मे महिन्यात शिकेकाई नक्की. साबणवाले दादा, साचा कशाचा घ्यायचा? आणि मैत्रीण म्हणते जास्त कर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकूया.

साबणवाला_डिचोली
सिलिकॉनचे छोट्या वड्यांचे साचे घ्या, नुसत्या खोबरेलाचा साबण झटकन कडक होतो आणि मोठी लादी उशिरा कापायला गेलं तर तुकडे पडतात. लाकडी खोक्यात करायचा असेल तर आत बेकिंग पेपर घाला आणि काही तासांतच, लादी थोडी गरम असतानाच कापा. विकायचा विचार असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली उत्पादनाचं लायसन्स लागतं, त्यासाठी आपल्याकडे एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) जावं लागेल, त्याशिवाय बाजारात मांडू नका. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना वाटा आधी.