जॉन स्मिथ नावाचे नागपूरकर: स्पेनच्या यादवी युद्धातील नोंद कशी शोधावी?

प्रश्न: खाडीकाठ (ठाणे)
नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार 1937 साली ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन स्पेनच्या यादवी युद्धात आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या (प्रजासत्ताक सरकारच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या दलाच्या) ब्रिटिश पलटणीत दाखल झाले आणि पुढच्या वर्षी बंडखोर सेनापती फ्रँकोच्या सैन्याचे कैदी झाले, एवढे मला ठाऊक आहे. दिवाळी अंकासाठी त्यांच्यावर लेख लिहीत असल्याने मूळ कागद पाहायचे आहेत. परंतु ऑनलाइन सूच्यांमध्ये स्मिथ इतके आहेत की आपला कोणता हेच उमगत नाही. ‘भारतीय’ असा शोध घेतला तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: जुना ग्रंथपाल (नौपाडा)
नावावरून किंवा देशावरून शोधू नका; कैद कोठे आणि केव्हा झाली, यावरून शोधा. भारतीय माणूस तेव्हा ब्रिटिश प्रजाजन होता, त्यामुळे त्याची गणना ब्रिटिशांतच होणार. खोटे नावही केवळ हौसेचे नव्हते. जानेवारी 1937 मध्ये ब्रिटिश सरकारने परक्या सैन्यातील भरतीविषयीच्या 1870 च्या कायद्याकडे बोट दाखवून स्पेनच्या लढ्यात भरती होणे बेकायदेशीर ठरवले. तेव्हापासून अनेक स्वयंसेवक पासपोर्ट न लागणाऱ्या शनिवार-रविवारच्या सवलतीच्या तिकिटावर पॅरिस गाठत आणि तेथून फ्रान्स-स्पेन सीमेवरील पिरेनीज पर्वत रात्री पायी ओलांडत. प्रवासाची नोंद सापडत नाही म्हणून आपण हताश होतो, पण ती होऊच नये यासाठी हा सारा खटाटोप होता.

हुद्दारांना उत्तर स्पेनमधील बुर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या मठात ठेवले होते. (स्पेनचा लोककथेतला वीर एल सिद याच मठाशी जोडलेला आहे.) तेथील परदेशी कैद्यांची 1938 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ वायेखो-नाखेरा यांच्या देखरेखीखाली तपासणी झाली, शरीराची मापे घेतली गेली, प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. अशा कागदांवर वय, शिक्षण, व्यवसाय असतो आणि त्यांवरूनच एक स्मिथ दुसऱ्यापासून वेगळा करता येतो.

उत्तर: सीवूड्सकर
वरील सल्ल्याशी सहमत आहे. ब्रिगेडची बरीच कागदपत्रे मॉस्कोला गेली आणि तेथील सामाजिक-राजकीय इतिहासाच्या राज्य अभिलेखागारात 545 क्रमांकाच्या संग्रहात आहेत; त्यांतील पुष्कळ कागद स्कॅन स्वरूपात पाहता येतात. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात गुप्तहेर खात्याने स्पेनला जाणाऱ्यांची केलेली यादीही आहे. ती 2011 मध्ये खुली झाली असून तीत सुमारे 4,000 नावे आहेत. टोपणनावाला खरे नाव जोडायचे झाल्यास ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) फायली अधिक उपयोगी पडतील, कारण लंडनमधील भारतीय विद्यार्थ्यांवर त्या कचेरीची करडी नजर होती. डॉ. मदन मोहनलाल अटल यांच्यासारखे, स्पेनहून परतून पुढे सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेलेले डॉक्टर स्वतःच्याच नावाने वावरले. त्यांचा माग तुलनेने सोपा आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
आभार. कैद्यांच्या यादीत खरे नाव उघड झाले असेल, तर ‘हुद्दार’ या आडनावाखालीच पाहावे ना?

उत्तर: जुना ग्रंथपाल (नौपाडा)
तेवढ्यावर थांबू नका. स्पॅनिश पद्धतीत आधी वडिलांचे आणि मग आईचे अशी दोन आडनावे असतात आणि यादी पहिल्यावर लागते. ‘गोपाळ मुकुंद हुद्दार’ असे सांगणाऱ्या माणसाला तेथला कारकून ‘मुकुंद’ या आडनावाखाली घालू शकतो. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, हे त्याला कोण सांगणार! ‘म’ आणि ‘ह’ ही दोन्ही पाने उघडा. स्पॅनिशमध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही, तेव्हा ऐकून लिहिलेल्या यादीत ‘उ’सुद्धा पाहा.