भाजीची वाडी चितळांपासून राखायची कशी: जाळी की झटका?

धागाकर्ता (सेलू, जि. वर्धा)
बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत अंधार पडला की चितळांचे कळप वावरात उतरतात, आणि त्यांचा पहिला मोर्चा वळतो तो मेथी, पालक व बरबटीच्या (चवळीच्या) कोवळ्या शेंड्यांकडे. चितळाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे खाल्लेला देठ ओढून तोडल्यासारखा चिंध्या झालेला दिसतो. सशाने खाल्लेला देठ मात्र सुरीने कापावा तसा तिरपा असतो. आधी हे पाहावे, मगच खर्चाला हात घालावा.

माझे मत असे की पाच-दहा गुंठ्यांच्या वाडीला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून विजेचा क्षणिक झटका सोडणारे यंत्र) लावू नये, सात-आठ फूट उंचीची जाळी लावावी. पाच फुटांचे कुंपण चितळ सहज ओलांडते. परंतु पलीकडे पाय कुठे टेकतील हे दिसले नाही तर ते उडी घ्यायला कचरते, म्हणून जाळीवर जुन्या साड्या किंवा हिरवे शेडनेट बांधावे. पावसाळ्यात गवत तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो आणि यंत्र नुसते टकटक करीत बसते.

प्रतिसाद (पांढरकवडा)
भाऊ, आपले म्हणणे चितळांपुरते ठीक आहे. पण आमच्याकडे रोही (नीलगायी) आणि रानडुकरेही आहेत. डुक्कर जाळी खालून मुसंडी मारून उचलते, आणि त्याच भगदाडातून मागाहून चितळही आत शिरते. साड्यांना जनावरे लवकर सरावतात. सौर झटक्याने जीव जात नाही, क्षणभराचा दणका बसतो आणि जनावर ती जागा लक्षात ठेवते. शिवाय जंगलालगतच्या निवडक गावांत जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान मिळते. तारेखालचे गवत काढायचा कंटाळा हा यंत्राचा दोष कसा?

प्रतिसाद (नागभीड)
झटका मशीनला माझी हरकत नाही. बॅटरी उतरली की तीच तार रातोरात थेट घरच्या विजेला जोडली जाते, तिला आहे. २०१७ मध्ये आमच्या भागात ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ अशाच विजेच्या तारेने मेला. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही त्या तारेवर पडू शकतो. असा प्रकार दिसल्यास गावानेच तो थांबवावा.

धागाकर्ता
ताई, थेट विजेबाबत दुमत नाही. पांढरकवड्याच्या भाऊंना मात्र एवढेच म्हणेन की अनुदानाचा हिशेब मोठ्या वावराला जुळतो, परसातल्या चार वाफ्यांना नाही. तिथे रोज तारेखाली विळा घेऊन बसणार कोण? डुकरांसाठी जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला दुमडून मातीत पुरावा आणि वर दगड रचावेत. उंच जाळी परवडत नसेल, तर चार-चार फुटांची दोन कुंपणे तीन-चार फुटांचे अंतर ठेवून घालावीत. चितळ उंच उडते, लांबही उडते, पण दोन्ही एकाच उडीत साधणे त्याला अवघड जाते.

प्रतिसाद (पांढरकवडा)
दोन कुंपणांमधल्या पट्ट्यातले गवत कोण काढणार, तेही सांगा.