सलग तीन दिवस स्पिअरफिशिंग, दुसऱ्या दिवसापासून दम निम्माच राहतो, काय करू?

निळा_तळ:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली स्पिअरफिशिंग (श्वास रोखून बुडी मारायची आणि भाल्याने मासे मारायचे) करतोय, बहुतेक १० ते १५ मीटरमध्ये. एरवी आठवड्यातून एकदाच उतरायचो तेव्हा कधी काही जाणवलं नाही, पण मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच सलग तीन दिवस मिळाले, रोज चार-साडेचार तास पाण्यात. पहिला दिवस मस्त गेला, तळाशी दबा धरून बसलो तरी दीड मिनिटाची बुडी आरामात होत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग आंबलेलं, मांड्या दगडासारख्या, आणि पाऊण मिनिट होतंय न होतंय तोच पोटात आचके सुरू. तिसऱ्या दिवशी वैतागून खाली जायच्या आधी दहा-बारा जोरजोरात खोल श्वास घ्यायला लागलो, तर आचके उशिरा यायला लागले आणि दम वाढल्यासारखा वाटला. पण एकदा वर आल्यावर माझे ओठ थरथरत होते आणि मान डुगडुगत होती असं बडी (सोबतचा जोडीदार) म्हणाला, मला त्यातलं काहीच आठवत नाही, माझ्या मते मी नेहमीसारखा ओके दाखवला होता. पुढच्या महिन्यात चार दिवसांचा प्लॅन आहे. दम टिकवायला रोज रात्री टेबल्स (ठरावीक वेळा लावून श्वास रोखायचा सराव) करू का?

खोलपाणी:
मित्रा टेबल्सचं राहू दे, आधी त्या ओठांचं बोलू. ओठ थरथरणं, मान डुगडुगणं आणि नंतर न आठवणं म्हणजे तू ब्लॅकआउटच्या, शुद्ध हरपण्याच्या, उंबरठ्यावर होतास. हे तिसऱ्याच दिवशी का झालं ते तूच लिहिलंयस. आचके येतात ते ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तू जोरजोरात श्वास घेऊन तो बाहेर फेकलास, ऑक्सिजनमध्ये मात्र नावापुरतीच भर पडली, म्हणजे शरीराने दिलेली सूचनाच बंद केलीस. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो म्हणून तळाशी छान वाटत राहतं, आणि वर येता येता फुफ्फुसातल्या ऑक्सिजनचा दाब निम्म्याखाली येतो, म्हणून घात होतो तो बहुतेक वेळा शेवटच्या काही मीटरमध्ये नाहीतर डोकं बाहेर आल्यावर. दुसऱ्या दिवशीचे लवकर आलेले आचके खरं सांगत होते, त्यांचं ऐकायचं.

खाली जायच्या आधी शांत, नेहमीच्या लयीत श्वास, शेवटचा एकच पूर्ण. वर आल्यावर पटकन आत घ्यायचा, सेकंद-दोन सेकंद धरायचा, हलकेच सोडायचा, असं तीन-चार वेळा, आणि मग ओके. बडीने तू वर आल्यावरही ३० सेकंद नजर हलवायची नाही, एक खाली तर एक वर, दोघं एकदम खाली कधीच नाही. वेटबेल्ट (कमरेचा वजनाचा पट्टा) एवढाच की श्वास सोडला तरी वर तरंगशील.

आणि खरं सांग, दोन बुड्यांच्या मधे किती वेळ थांबतोस?

निळा_तळ:
दादा, साधारण दोन मिनिटं तरी थांबतोच.

शांतश्वास:
थकव्याबद्दल माझे दोन शब्द. तुम्ही दिवसभरात पाणी किती पिता? पाण्यात उतरलं की गारव्याने आणि दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय आणि लघवी वाढते. सूट ओला करायला नको म्हणून मी सकाळी पाणीच प्यायचे नाही, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायचं आणि पोटऱ्यांत गोळे यायचे, आता तरंगत्या बोयाला बाटली बांधलेली असते आणि दर तासाला त्यातलं संपवते. जेवण हलकं, उतरायच्या दोन तास आधी, आणि संध्याकाळी मात्र पोटभर, कारण दुसऱ्या दिवशीचे पाय त्या जेवणावर चालतात. अंगात हुडहुडी भरली की त्या दिवशी बाहेर, कुडकुडणं म्हणजे स्नायूंचं कामच, ऑक्सिजन त्यात जातो. दुसऱ्या दिवशी कान उघडायला त्रास झाला तर जोर लावू नका, आदल्या दिवशीची सूज असते. खोकल्यात रक्त दिसलं तर पाणी बंद आणि डॉक्टर.

टेबल्स सुट्टीच्या दिवसांत, कोरड्यावर, पलंगावर पडून करा. सलग दिवसांच्या रात्री फक्त झोप.

खोलपाणी:
थांबण्याच्या वेळेवरून एक, तुझ्या खोलीला हे एवढं लागू नाही पण पुढे खोल जाशील म्हणून लिहितो. पॅसिफिक महासागरातल्या ट्युआमोटू बेटांवरचे मोती काढणारे पाणबुडे दिवसाला सहा-सहा तास ३०-४० मीटरच्या बुड्या मारायचे, मधे फक्त काही मिनिटं थांबून, आणि त्यांच्यात चक्कर, लकवा, कधी मृत्यू असं व्हायचं, त्याला ते तारावाना म्हणायचे. त्याच भागातल्या मांगारेवा बेटाचे पाणबुडे दोन बुड्यांमधे १२ ते १५ मिनिटं थांबायचे, त्यांना हा त्रास नव्हता. आपल्यासाठी किमान हिशोब बुडीच्या दुप्पट वेळ वर, मी दुसऱ्या दिवसापासून तिप्पट धरतो आणि खोलीही ३-४ मीटरने कमी करतो. मासा लागून झटापट झाली तर दोरी सोडून वर यायचं, मासा दोरीने तरंगत्या बोयाला लागलेला असतोच, आणि त्यानंतर पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं.

निळा_तळ:
घड्याळातला लॉग आत्ता काढून बघितला. पहिल्या दिवशी बुड्यांमधे जवळजवळ तीन मिनिटं आहेत. तिसऱ्या दिवशी, ज्या बुडीनंतर ओठ थरथरले, तिच्या आधीचे चार आकडे आहेत ५५ सेकंद, ४८, ५०, ४१. बुड्या सव्वा मिनिटाच्या. मी शपथेवर दोन मिनिटं म्हणालो असतो. त्या कपारीत मोठा मासा दिसला होता, तो निघून जाईल म्हणून घाई करत होतो, हे आकडे बघून आता आठवतंय.

घड्याळात वर थांबण्याचा अलार्म साडेतीन मिनिटांवर लावलाय. चारपैकी तिसरा दिवस कोरडा ठेवतोय, बडीशी बोलणं झालंय, त्यालाही तेच हवं होतं पण तो बोलला नव्हता.