मदत हवी आहे: लेहच्या थंडीसाठी सोबत काय द्यावे?

नमस्कार. ज्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तिथेच वाढलेला माझा भाचा नोकरीनिमित्त डिसेंबरात लेहला, म्हणजे सुमारे ३५०० मीटर उंचीवर, राहायला जात आहे. शरीराला थंडीशी जुळवून घेण्यास मदत करतील असे वनस्पतिजन्य पदार्थ त्याच्यासोबत द्यावेत, असा विचार आहे. प्रौढांच्या शरीरातही उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी असते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले आणि मिरचीतील कॅप्सायसिन तिला चालना देऊ शकते, असे वाचनात आले. मात्र तिखटाने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व घामही येतो. त्यामुळे ऊब जाणवली, तरी अंगातील उष्णता उलट बाहेरच जात असावी, अशी माझी शंका आहे.

शेंगाचटणी (ती तर तो न सांगताही नेईल), बाजरीची कडक भाकरी, तिळाचे व अळिवाचे लाडू आणि सुंठ एवढे ठरले आहे. यांपैकी कशातून खरोखर ऊर्जा मिळेल आणि कशाने केवळ ऊब वाटेल, हे आहारशास्त्राच्या जाणकारांनी सांगावे. लेहमध्ये हिवाळा काढलेल्यांनी, पहिल्या आठवड्यात भूक मंदावलेली असताना काय पचले, तेही कृपया कळवावे. त्याला पित्ताचा त्रास आहे.