अर्धशिशीला शून्य टक्के: दाद कोणत्या मार्गाने मागावी?

टेक्सासवासी

सर्वांना नमस्कार. माझे यजमान आठ वर्षे अमेरिकी लष्करात होते. २०१२ मध्ये अफगाणिस्तानात त्यांच्या गाडीपासून काही अंतरावर स्फोट झाला आणि तेव्हापासून त्यांना अर्धशिशीचा त्रास सुरू झाला. सैन्यातून बाहेर पडल्यावर पुष्कळ वर्षे त्यांनी व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकी सरकारी खात्याकडे, अपंगत्वाच्या भरपाईचा दावा केलाच नाही. गेल्या वर्षी माझ्या आग्रहाखातर केला आणि चार महिन्यांपूर्वी निर्णयपत्र आले. त्यात डोकेदुखीचा सेवेशी संबंध मान्य केलेला आहे, मात्र अपंगत्वाची टक्केवारी शून्य दिली आहे, म्हणजे हातात एक डॉलरही येणार नाही.

तपासणी बाहेरच्या कंत्राटी डॉक्टरांकडे होती आणि ती पंधरा मिनिटांत आटोपली. डोके दुखू लागल्यावर काय करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा ह्यांनी उत्तर दिले, "गोळी घेतो आणि निभावून नेतो." अहवालात नेमके तेच लिहून आले. घरातले चित्र मात्र वेगळे आहे. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा, हे न्हाणीघरात दिवा बंद करून, दाराच्या फटीला टॉवेल लावून थंड फरशीवर चार-पाच तास पडून असतात, आणि कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही म्हणून त्या दिवशी मी भात उघड्या पातेल्यात करते. ह्यांची गोदामातली नोकरी आहे आणि आजारपणाच्या सगळ्या रजा जूनपर्यंतच संपल्या. आता वरिष्ठांकडून फेरतपासणी मागावी, पुरवणी दावा करावा, की थेट अपील मंडळाकडे जावे?

माजी_शिपाई

ताई, मी स्वतः या फेऱ्यातून गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट अशी, की शून्य टक्के हा नकार नव्हे. सेवेशी संबंध सिद्ध करणे हाच बहुतेकांच्या दाव्यातला अवघड घाट असतो आणि तो तुम्ही चढून आला आहात. आता वाद उरला आहे तो फक्त तीव्रतेचा.

व्हीएच्या नियमावलीत अर्धशिशीसाठी ८१०० हा क्रमांक आहे आणि त्याखाली चारच पायऱ्या आहेत: शून्य, १०, ३० आणि ५०. गेल्या काही महिन्यांत माणसाला आडवे पाडणारे झटके सरासरी दोन महिन्यांतून एकदा येत असतील तर १० टक्के आणि महिन्यातून एकदा येत असतील तर ३० टक्के मिळतात. ५० टक्क्यांसाठी झटके फार वारंवार येणारे, पूर्णपणे आडवे पाडणारे, लांबणारे आणि कमाईवर गंभीर परिणाम करणारे असावे लागतात. सगळे घोडे अडते ते 'प्रोस्ट्रेटिंग' या एका शब्दाशी. नियमात त्याची व्याख्या दिलेली नाही, पण अर्थ सरळ आहे: हातातले काम टाकून अंधारात पडून राहण्यावाचून इलाज नाही अशी अवस्था. दुखणे दहापैकी नऊ होते असे सांगून भागत नाही, कारण पायरी ठरते ती झटक्याने माणूस आडवा होतो का आणि किती वेळा होतो यावर.

तुमच्या यजमानांचे उत्तर वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले, कारण मीही अगदी तेच म्हणालो होतो. पलटणीत कुरकूर न करण्याची जी सवय अंगी मुरते, ती तपासणीच्या खोलीत आपल्याच विरुद्ध साक्ष देते. न्हाणीघर, टॉवेल आणि फरशी हे तुम्ही इथे जसे लिहिले आहे, तसेच तारखांसह २१-१०२१० क्रमांकाच्या साक्षीच्या अर्जावर लिहा. डोळ्यांनी पाहिलेले सांगायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

आता मार्गाविषयी. फेब्रुवारी २०१९ पासून तीन मार्ग आहेत. वरिष्ठांकडून फेरतपासणी (अर्ज २०-०९९६) मागितली तर नवा पुरावा देता येत नाही, जुन्याच फाइलवर दुसरा अधिकारी नजर टाकतो. तुमच्या फाइलमध्ये "निभावून नेतो" एवढेच असेल, तर त्यालाही तेच दिसणार. म्हणून पुरवणी दावा (अर्ज २०-०९९५) करा आणि त्यासोबत नवा, संबंधित पुरावा जोडा. मंडळाकडे (अर्ज १०१८२) जाण्याची वाटही आहे, पण तिथे बराच काळ थांबावे लागते आणि तुमच्या प्रकरणात आज त्याची गरज दिसत नाही.

कागदपत्रे

मी अशाच दाव्यांचे काम करणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयात आहे. वरच्या सल्ल्याशी सहमत आहे, मात्र एक भर घालतो. निर्णयपत्राच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत पुरवणी दावा केला, तर मूळ दाव्याची तारीख टिकते आणि निकाल बाजूने लागल्यास थकबाकी तिथपासून मिळू शकते. वर्ष उलटल्यावरही दावा करता येतो, पण जुनी तारीख सहसा हातची जाते. तुमचे चार महिने गेले आहेत, तेव्हा कागद जमवा, पण रेंगाळू नका.

५० टक्क्यांविषयी एक गैरसमज असतो, की त्यासाठी माणूस बेकार असावा लागतो. २००४ च्या 'पियर्स विरुद्ध प्रिन्सिपी' या निकालात न्यायालयाने हे स्पष्टपणे नाकारले आहे. नोकरी चालू असूनही कमाईच्या क्षमतेला गंभीर धक्का बसलेला असू शकतो, किंबहुना झटके तसा धक्का देण्याजोगे आहेत का, हेही पाहावे लागते. म्हणून संपलेल्या रजांचा तक्ता, बिनपगारी दिवस दाखवणाऱ्या पगारपावत्या आणि कौटुंबिक-वैद्यकीय रजेचे कागद असतील तर तेही जरूर लावा. केवळ ३० टक्के मिळाले तरी तिथपासून पत्नी आणि मुलांसाठीची वाढीव रक्कम सुरू होते, जी १० आणि २० टक्क्यांना नसते.

पैशांबाबत सावध राहा. पहिल्या निर्णयाच्या आधी दाव्याच्या कामासाठी फी घेण्याची परवानगी मान्यताप्राप्त वकिलालाही नाही, आणि नंतरची फी साधारणपणे थकबाकीतून घेतली जाते. भरपाईत होणाऱ्या वाढीची पाच महिन्यांची रक्कम आगाऊ मागणारा कोणी फोनवर गोड बोलू लागला, तर तो व्हीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते आधी पाहा. काउंटीचा (जिल्ह्याचा) माजी सैनिक सेवा अधिकारी किंवा अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रतिनिधी हेच काम विनामूल्य करतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, म्हणून एवढेच सुचवते, की झटका आला की त्याच आठवड्यात डॉक्टरांना पोर्टलवरून संदेश पाठवावा, तो तारखेसह नोंदीत राहतो. दुसरे असे, की ट्रिप्टान वर्गातल्या (खास अर्धशिशीवरच्या) गोळ्या महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस आणि साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा अधिक दिवस सतत काही महिने घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढते. दावा बाजूला ठेवला तरी हे डॉक्टरांशी बोलायलाच हवे. स्फोटात मेंदूला मार बसल्याचे निदान कधी झाले होते का? झाले असेल तर अर्धशिशीचे वेगळे निदान वेगळ्या क्रमांकाखाली मोजता येते, मात्र तीच लक्षणे दोनदा मोजली जात नाहीत.

टेक्सासवासी

मनापासून आभार. मेंदूच्या दुखापतीचे निदान झालेले नाही, पण ते आता विचारून घेते. एक शंका आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद ठेवावी, तसे मी गेल्या चौदा महिन्यांपासून प्रत्येक झटक्याच्या तारखेला 'डो' लिहिते आणि शेजारी तास. हा पुरावा धरला जाईल का?

कागदपत्रे

का धरला जाणार नाही? त्या त्या दिवशी केलेली नोंद आठवणीतून रचलेल्या यादीपेक्षा केव्हाही भारी. सगळ्या चौदा पानांची स्पष्ट छायाचित्रे काढा, सोबत तारखांचा इंग्रजी तक्ता करा, आणि 'डो' म्हणजे काय व ती खूण कोण, केव्हा करत होते, हे तुमच्या साक्षीच्या अर्जात दोन ओळींत सांगा. मूळ पाने फाडून पाठवू नका.