हब मोटर: गिअरवाली की डायरेक्ट ड्राइव्ह? आणि कंट्रोलर किती अँपिअरचा?

खडी_चढण:
सायकलला मोटर बसवायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "थेट हजार वॅटची घ्या, नंतर पस्तावणार नाही." मला हे साफ चूक वाटतं. सायकल आणि स्वार मिळून 100 किलोच्या आसपास भरत असतील तर गिअरवाली 250-350 वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) आणि 36 व्होल्टवर 15 अँपिअरचा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती प्रवाह सोडायचा ते ठरवणारी पेटी) भरपूर झाला.

मोटरवर छापलेला वॅटचा आकडा सोडून द्या. किती शक्ती मिळणार ते बॅटरीचे व्होल्ट आणि कंट्रोलरचे अँपिअर ठरवतात. 36 गुणिले 15 म्हणजे 540 वॅट. त्यातले 20-25 टक्के उष्णतेत गेले तरी चाकाला 400 च्या वर मिळतात. 100 किलो वजन घेऊन 8 टक्क्यांचा चढ ताशी 15 किमीने चढायला साधारण 380 वॅट लागतात, आणि पेडल मारणारे पाय काही शोभेला नाहीत.

उरला वेगाचा प्रश्न. 26 इंची चाकाचा परीघ सुमारे 2.07 मीटर, म्हणजे ताशी 25 किमीला मिनिटाला 200 फेरे. बिनभाराचा वेग 240 ते 260 फेरे असलेली मोटर बघा. 330 फेऱ्यांची घेतली तर उचललेलं चाक ताशी 40 दाखवतं, बघायला छान वाटतं, पण तेवढ्या वेगाला लागणारी शक्ती 15 अँपिअरमधून मिळत नाही.

उलट_प्रवाह:
हिशोब बरोबर, निष्कर्ष अर्धा. गिअरवाल्या मोटरच्या पोटात नायलॉनचे तीन प्लॅनेटरी गिअर आणि एकदिशी क्लच असतो. ग्रीस सुकलं किंवा उभ्या सायकलवर थ्रॉटल एकदम पिळायची सवय असली की दात झिजतात, नाहीतर क्लच घसरतो. मोटर घूं करते आणि चाक जागचं हलत नाही. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये गिअरच नाहीत, मोटर थेट चाक फिरवते; बेअरिंग सोडली तर झिजण्यासारखं काहीच नाही.

दुसरं, उष्णता. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये स्टेटर (तांब्याच्या वेढ्यांचा स्थिर भाग) आणि बाहेरचं कवच यांच्यात एकच हवेची फट असते. गिअरवालीत आत फिरणारा रोटर, त्याच्याबाहेर पुन्हा कवच, म्हणजे उष्णता बाहेर पडायला वाटच अवघड. आणि रीजन, म्हणजे ब्रेक लावताना मोटरनेच वीज बनवून बॅटरीत परत पाठवणं? क्लचमुळे गिअरवालीत ते होतच नाही. लांब उतार असलेल्या रस्त्यावर ब्रेकचे पॅड किती वाचतात ते बघा.

खडी_चढण:
रीजनचं कौतुक आकड्यात करू या. 100 किलो 50 मीटर उतरले की 13.6 वॅट-तास मोकळे होतात. हवा, टायर, वळणं आणि मोटरमधला अपव्यय वजा करून निम्मे परत आले तरी 7. 360 वॅट-तासांच्या बॅटरीत हे दोन टक्के. पॅड वाचतात हे मान्य, पण त्यासाठी चाकात सहा-सात किलोंचा लोखंडी गोळा वागवायचा, आणि बॅटरी संपली की चुंबकांचा विरोध पायांनी सोसायचा?

शिवाय उताराच्या माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारा प्रवाह जाणार कुठे? बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) प्रवाह मध्येच तोडतो आणि ब्रेक गायब. चार्जिंगचं तोंड वेगळं असलेल्या पॅकमध्ये तर अनेकदा तोही तोडत नाही, सेल मुकाट जास्त भरत राहतात.

मॉस्फेट_6:
दोघेही मोटरवरच भांडताय. कंट्रोलरच्या लेबलवर 15 अँपिअर लिहिलेले असतात ते बॅटरीकडचे. मोटरच्या तारांमधून कमी वेगाला त्याच्या दुप्पट-अडीचपट वाहतात, म्हणजे 30-37. टॉर्क (फिरवण्याचा जोर) याच फेज करंटवर अवलंबून. "15 चा कंट्रोलर आहे, मोटर जळेलच कशी" असं म्हणणाऱ्यांची मोटर इथेच तापते.

चढावरचा एक मुद्दा कोणीच मांडला नाही. 8 टक्क्यांच्या चढाला लागणारा टॉर्क ताशी 8 ने गेलात काय आणि 16 ने गेलात काय, जवळपास तोच, 28-30 न्यूटन-मीटर. तांब्यातली उष्णता टॉर्कवर ठरते, म्हणून तीही दर सेकंदाला तेवढीच. पण वेग निम्मा झाला की चढ दुप्पट वेळ चालतो, मोटर दुप्पट उष्णता गिळते. डायरेक्ट ड्राइव्ह घेऊन रांगत चढणं सगळ्यात वाईट. गिअरवालीत आतली मोटर साधारण पाचपट वेगाने फिरते, त्यामुळे तोच टॉर्क तिला कमी तापून देता येतो.

आणि बीएमएस 15 अँपिअरचा असताना 20-22 चा कंट्रोलर लावू नका. चढाच्या मध्यावर सगळंच बंद पडतं आणि लोक मोटरला शिव्या घालतात. कंट्रोलरचा आकडा बीएमएसच्या सलग क्षमतेपेक्षा दोन-चार अँपिअर खाली हवा.

उलट_प्रवाह:
रांगत चढण्याबद्दल मान्य. पण मग संथ वाइंडिंगची (जास्त वेढ्यांची) डायरेक्ट ड्राइव्ह घ्या की, टॉर्क जास्त देते.

मॉस्फेट_6:
हा जुना गैरसमज. तेवढंच तांबं आणि तेवढेच चुंबक असतील तर ठरावीक टॉर्कला उष्णता सारखीच, वेढे कमी असोत की जास्त. वेगवान वाइंडिंगला त्यासाठी फेज करंट जास्त लागतो, आणि तो भार कंट्रोलर आणि एक्सलमधून जाणाऱ्या बारीक तारांवर येतो. संथ वाइंडिंग घ्या, जरूर घ्या, पण याच कारणासाठी.

नवा_स्पोक:
48 व्होल्टचा कंट्रोलर आणि 36 ची बॅटरी चालेल का? आणि कंट्रोलर साइन वेव्ह (मोटरला सलग लाटेसारखा प्रवाह देणारा) घ्यायचा की स्क्वेअर (टप्प्याटप्प्याने झटके देणारा)?

मॉस्फेट_6:
नाही. 48 वाला 40-42 व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करतो, आणि 36 ची बॅटरी पूर्ण भरून जेमतेम 42. उलटही नको, म्हणजे कंट्रोलरपेक्षा जास्त व्होल्टची बॅटरी. 48 च्या कंट्रोलरवर 14 सेलचा पॅक लावायचा मोह होतो, तो भरला की 58.8 आणि आतले कपॅसिटर बहुधा 63 व्होल्टचे. त्यात रीजन चालू असेल तर काय उरलं?

साइन वेव्ह शांत चालतो, गिअरवालीत फरक लगेच कानाला कळतो. स्क्वेअर कर्कश, पण कुठल्याही मोटरशी जमवून घेतो. हॉलच्या (चुंबकांची जागा ओळखणाऱ्या सेन्सरच्या) तीन आणि फेजच्या तीन तारांची मिळून 36 जुळणी निघतात. चुकीची लागली की चाक थरथरतं किंवा उलटं फिरतं. फसवी जुळणी याहून त्रासदायक: चाक फिरतं, पण गुरगुरत. म्हणून चाक उचलून अँपिअर मोजा. एक-दीड अँपिअर ठीक, चार-पाच दिसले तर लगेच थांबा.

अठराचा_पाना:
एक्सलबद्दल कोणीच बोलत नाही, आणि सगळ्यात वाईट अपघात तिथे होतात. एक्सलच्या सपाट बाजू 10 मिलिमीटर अंतरावर. 40 न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे ड्रॉपआउटच्या (एक्सल बसतो त्या खाचेच्या) ओठांवर साधारण 4000 न्यूटन. ॲल्युमिनियमचा ओठ उघडला की एक्सल फिरतो, तार पिळली जाते, फेजची तार हॉलच्या 5 व्होल्टच्या तारेला चिकटते आणि कंट्रोलर संपतो. पुढच्या चाकात असेल तर चाकच निसटतं.

टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी पट्टी) लावा, पोलादी, किमान एका बाजूला. रीजन वापरणार असाल तर दोन्हीकडे, कारण ब्रेक लावताना टॉर्क उलटतो आणि जरा जरी ढिलाई असेल तर नट हळूहळू सैल होतो. पुढच्या सस्पेन्शन फोर्कमध्ये मोटर बसवूच नका. तार बाहेर पडते ती बाजू खाली हवी आणि तारेला खाली एक वळसा, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून मोटरमध्ये न जाता वळशावरून गळून जातं.

नवा_स्पोक:
चाक हाताने मागे फिरवताना अडखळतंय. पुढे मोकळं आहे, मोटर गिअरवाली.

मॉस्फेट_6:
पुढे क्लचमुळे मोकळंच राहणार, त्यावरून काही कळत नाही. बॅटरी काढा, फेजच्या तिन्ही तारा कंट्रोलरपासून सोडवा आणि पुन्हा मागे फिरवा. आता मोकळं झालं तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे. तरीही अडखळत असेल तर तिन्ही तारांची टोकं एकमेकांना लागलेली नाहीत ना ते बघून घ्या. तसं नसेल तर तारेत एक्सलपाशी शॉर्ट असेल, नाहीतर गिअर. हॉल तपासायचे तर बॅटरी पुन्हा जोडून लाल-काळ्यात साडेचार ते पाच व्होल्ट हवेत, आणि चाक सावकाश मागे फिरवताना पिवळी, हिरवी, निळी यातली प्रत्येक तार शून्य आणि पाचच्या मध्ये उड्या मारायला हवी. मार्केटमधून नवा कंट्रोलर आणण्याआधी एवढं करून इथे आकडे लिहा.